फिलिपिनाची अकरावी टेप

लॉरेन फाइस्ट मंगळवारी सकाळी इडेल क्वामच्या स्वयंपाकघरात आली, तेव्हा तिच्या हातात पुठ्ठ्याचा एक चपटा डबा होता. आजारी मूल धरावं तसा तिने तो छातीशी धरला होता.

ही १९७९च्या मार्चमधली गोष्ट. नॉर्थ डकोटात मार्च म्हणजे हिवाळाच. इडेलच्या खिडकीबाहेर बर्फाचा ढीग कमरेइतका होता आणि आत शेगडीवर कॉफी उकळत होती. इडेलचं कार्यालय म्हणजे हेच स्वयंपाकघर. खासगी तपासनीस म्हणून मिळालेला परवाना तिने चौकटीत घालून फ्रिजवर लावला होता. त्याआधी पंधरा वर्षं ती गारपिटीच्या विम्याचे दावे तपासत असे. पीक गारांनी झोपलं की शेजाऱ्याच्या गाईंनी झोपवलं, हे ती धाटाकडे बघून सांगायची. त्या भागातले शेतकरी तिला घाबरत आणि तिच्याशी आदराने वागत.

तिचा भाऊ मर्ल टेबलाशी बसून पाव बुडवून खात होता. तो निवृत्त पोस्टमन. इडेलची नजर अधू झाल्यापासून गाडी तोच चालवायचा.

"बस," इडेल म्हणाली. "आधी कॉफी घे, मग रड."

"मी रडत नाहीये, मिसेस क्वाम."

"मग कॉफीच घे."

लॉरेन राज्य विद्यापीठाच्या परकीय भाषा आणि भाषाविज्ञान विभागात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. काळ्या समुद्राकाठच्या जर्मन खेड्यांमधून शंभर वर्षांपूर्वी इकडे आलेल्या कुटुंबांपैकीच तिचं कुटुंब. ही माणसं लहान मुलांशी ज्या बोलीत बोलत, त्या बोलीतली अंगाईगीतं, गुडघ्यावर बसवून म्हणायची गाणी, लाडाचे आणि दटावणीचे शब्द, हा तिच्या प्रबंधाचा विषय होता. बहुतेक म्हाताऱ्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं. सगळं आठवत होतं एकाच बाईला, लिंडेनतालच्या फिलिपिना वाइसबेकला. सत्याऐंशी वर्षांची फिलिपिना जानेवारीत गेली.

"चौदा टेप आहेत," लॉरेन म्हणाली. "गाणी सगळी अकराव्या टेपवर. डॉक्टर कॉट्के माझ्या परीक्षक मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या पुस्तकात लिहिलंय की ही बोली पहिल्या पिढीबरोबरच संपली. काल ते म्हणाले, शुक्रवारच्या तोंडी परीक्षेत अकरावी टेप लावा, मला ऐकायचीय. आज सकाळी मी ती लावून बघितली, तर नुसती खरखर. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"आणि टेप नसेल तर?" मर्लने विचारलं.

"तर ती गाणी मी घरी बसून रचली असं होईल. माझ्यावर खोटेपणाचा ठपका येईल. पदवी तर जाईलच, पण आमच्या गावात मी तोंड कसं दाखवू? फिलिपिनाने मला चाळीस गाणी दिली आणि मी ती एका मार्चमध्ये हरवली."

इडेलने डबा उघडला. आतल्या रिळावर तपकिरी टेप गुंडाळलेली होती आणि तिच्या बाहेरच्या टोकाला बोटभर लाल पट्टी चिकटवलेली होती.

"आज सकाळी काय काय केलंस? एकही हालचाल सोडू नकोस."

"कपाटातून डबा काढला. लाल पट्टी बाहेर होती. म्हणून नेहमीसारखी आधी पूर्ण मागे गुंडाळून घेतली आणि मग लावली. तासभर खरखर ऐकली. संपली तेव्हा शेवट पुन्हा बाहेर होता, तशीच डब्यात ठेवली."

"ही टेप मूळची कशी होती? काही खूण?"

लॉरेन विचारात पडली. "मध्ये तुटली होती. तिच्या स्वयंपाकघरातच, एका गाण्याच्या मध्यावर. मी पांढऱ्या चिकटपट्टीने सांधली. फिलिपिना म्हणाली, फाटलेला परकर शिवावा तशी शिवलीस."

 

"चल मर्ल," इडेल उठली. "गाडी काढ."

*

भाषा प्रयोगशाळा विभागाच्या तळघरात होती. आता तिथे झेरॉक्सची यंत्रं आहेत म्हणे. तेव्हा तिथे तीस लाकडी खण होते, प्रत्येकात कानाला लावायचे फोन, आणि विद्यार्थी तिथे बसून फ्रेंच, जर्मन, रशियन वाक्यं पाठ करायचे. सगळे एकाच वेळी पुटपुटत, त्यामुळे जिन्यावरून येणाऱ्याला चर्चमध्ये आल्यासारखं वाटे.

त्या जागेची मालकीण ओपल ब्रँडव्होल्ड. मालकीण हा शब्द विद्यार्थ्यांचा. एकतीस वर्षं ती तिथे काम करत होती आणि येत्या जूनमध्ये निवृत्त होणार होती. उंच, सडपातळ बाई, खिशात लहान कात्री, बोटं बाजा वाजवणाऱ्यासारखी.

"कपाटाच्या किल्ल्या तीन," तिने सांगितलं. "एक माझी, एक डॉक्टर कॉट्के यांची, एक संध्याकाळी ड्यूटी करणाऱ्या विद्यार्थ्याकडे. सध्या तो वेंडेल ट्रूअक्स."

"ही लाल पट्टी कसली?"

"शेवटाची. सुरुवातीला पांढरी, शेवटाला लाल. टेप ऐकून झाली की मागे गुंडाळायची नाही, तशीच ठेवायची, शेवट बाहेर. नाहीतर एका थरातला आवाज दुसऱ्यात उतरतो. कारखान्यातून कोरी टेप येते तिला पट्टी नसते. त्यावर काही भरलं गेलं, नाव लिहून झालं, की मग मी पट्ट्या लावते. कोऱ्या टेपला पट्टी लावणं म्हणजे रिकाम्या बरणीला लोणच्याची चिठ्ठी."

मर्लने टेबलावरच्या जड लोखंडी वस्तूकडे हात नेला. "आणि हे काय?"

"हात काढा. ते चुंबक आहे. त्यावर टेप फिरवली की अर्ध्या मिनिटात सगळं पुसलं जातं. तुमचं घड्याळही बंद पडेल."

मर्लने हात खिशात घातला.

इडेलने वेंडेलला बोलावून घेतलं. फ्रेंचचा विद्यार्थी, लांब केस, हातात अर्धं सँडविच. तिने त्याला टेप यंत्रावर चढवून हळूहळू फिरवायला सांगितली आणि स्वतः भिंग घेऊन तिच्यावर वाकली.

"सांधा नाही," ती शेवटी म्हणाली.

"म्हणजे?" मर्ल.

"म्हणजे ही टेप पुसलेली नाही. ही ती टेपच नाही. कुणीतरी बदललीय."

लॉरेन खुर्चीत बसली. ओपलने तिला पाण्याचा पेला दिला.

इडेलने नोंदीची कार्डं मागितली. प्रत्येक टेपचं एक कार्ड, ओपलच्या नेटक्या अक्षरात. अकराव्या टेपचं ध्वनिमुद्रण आठ नोव्हेंबरला, लांबी त्रेसष्ट मिनिटं. प्रत्येक टेपची एक प्रत काढून ठेवायची असा नियम होता. दहावीपुढे 'प्रत काढली, १४ नोव्हेंबर'. बारावीपुढे तेच. अकरावीपुढे जागा कोरी.

"त्या आठवड्यात यंत्र बिघडलं होतं," ओपल म्हणाली. "राहून गेली असेल."

"जर्मन येतं का तुम्हाला, मिस ब्रँडव्होल्ड?"

"छे. मी तारा सांभाळते, भाषा वरच्या मजल्यावरचे सांभाळतात. आणि मी नॉर्वेजियन. म्हणजे कागदोपत्री. ब्रँडव्होल्डांनी मला सातव्या वर्षी अनाथाश्रमातून आणलं आणि इतका लुटफिस्क खाऊ घातला की रक्तच बदललं."

इडेल हसली. ती स्वतः नॉर्वेजियन क्वामांची सून, तिने तो मासा तीस वर्षं गिळला होता.

*

वेंडेल जिन्यात भेटला.

"माझ्यावरच संशय असेल ना?" तो म्हणाला. "पीएच.डी.ला जागा एक आणि आम्ही दोघं. लॉरेन बाद झाली की मी आत."

"तू बोलूनच टाकलंस, ते बरं झालं," इडेल म्हणाली. "मग, बदललीस?"

"मी? बाई, मी टेपला हात लावला की मिस ब्रँडव्होल्डच्या पोटात गोळा येतो. मी सगळ्या टेप मागे गुंडाळून ठेवतो म्हणून गेल्या महिन्यात तिने मला भर वर्गासमोर गाढव म्हटलं. फ्रेंचमध्ये, मला नीट कळावं म्हणून. पट्टी लावायला बसलो तर दोन दिवसांत सुटते. शेवटी तिने पट्ट्यांचा डबाच काढून घेतला."

"लॉरेन तुझी कोण?"

"माझ्या पहिल्या वर्षाच्या व्याकरणाच्या परीक्षेआधी तिने मला सहा रात्री शिकवलंय. जागा तिला मिळाली तरी मी तिला टोमणे मारून जगेन."

डॉ. आन्सेल्म कॉट्के यांच्या खोलीत पुस्तकं जमिनीपासून छतापर्यंत होती आणि मध्ये ते ताठ बसलेले. त्यांनी इडेलला खुर्ची दिली, मर्लला पुस्तकांचा एक गठ्ठा.

"तुम्हाला वाटतं मी घेतली," ते म्हणाले.

"तुमचं पुस्तक त्या टेपने खोटं पडतं."

"पडू दे. मी एकोणीसशे एकसष्टमध्ये छत्तीस गावं फिरलो. एकाही बाईने मला अंगाई म्हणून दाखवली नाही. मी लिहिलं, संपली. आता ही मुलगी म्हणते, चाळीस. एक तर ती खोटं बोलते, नाहीतर त्या बायकांनी मला, टाय लावून आलेल्या पुरुषाला, गाणी म्हणून दाखवली नाहीत. मला निवृत्त होण्यापूर्वी कळायला हवं. म्हणून ऐकायची होती."

"तुम्ही स्वतः तळघरात जाऊन का नाही ऐकलीत? किल्ली आहे तुमच्याकडे."

म्हाताऱ्याच्या गालांवर लाली आली. "मला ते यंत्र लावता येत नाही. एकदा प्रयत्न केला, तर पन्नास फूट टेप जमिनीवर. मिस ब्रँडव्होल्डने मला यंत्रापासून चार पावलं लांब राहायला सांगितलंय. सोळा वर्षं झाली, मी राहतो."

*

बुधवारी रोझिना बेंडर आली. फिलिपिनाची मुलगी, सहासष्ट वर्षांची, जाड कोट, हातात कापडाने झाकलेली परात. तिने फेब्रुवारीत विभागाला पत्र लिहिलं होतं की आईचा आवाज आमचा आहे, टेप परत द्या. गेल्या गुरुवारी ती प्रयोगशाळेत येऊनही गेली होती. मर्लच्या मते प्रकरण तिथेच मिटत होतं.

"तिनेच नेली," तो गाडीत म्हणाला. "मी असतो तर मीही नेली असती."

"तुला किल्ली कुठून मिळाली असती?"

"पोस्टमनला सगळी दारं उघडतात."

प्रयोगशाळेत सगळे बसले. रोझिनाने परातीवरचं कापड काढलं. साय आणि आलुबुखार घातलेला कूखेन, म्हणजे त्यांचा जर्मन केक, होता. लॉरेनने कॉफी आणली, ओपलने चाकू. खिडकीची फट वाजत होती. रोझिनाने मान आखडून आपल्या बोलीत काहीतरी पुटपुटलं. लॉरेन कॉफी ओतत होती, ओपल उठली आणि तिने खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबलं.

"काय म्हणाली ती?" मर्लने लॉरेनला हळूच विचारलं.

"पाठ गारठली म्हणाली."

मर्लने मान डोलावली आणि दुसरा तुकडा घेतला.

"मी टेप नेली नाही," रोझिना म्हणाली. "मागितली. मागणं हा गुन्हा असेल तर घाला बेड्या. आईचा माझ्याकडे एक फोटोदेखील धड नाही. ती फोटोत कायम तोंड फिरवायची. हट्टी बाई."

"कशात हट्टी?"

"कशात नाही ते विचारा. हा कूखेन बघा. दर रविवारी आठ करायची, आणि नववा एक छोटा, बशीएवढ्या डब्यात. तो कुणी खायचा नाही. कुणासाठी विचारलं तर ओव्हन पुसायला लागायची. सोमवारी सकाळी तो कुत्र्याला. माझ्या आयुष्यात किती कुत्रे त्या कूखेनवर पोसले गेले, त्यांची गणती नाही."

चाकू ओपलच्या हातातून परातीत पडला. तिने तो उचलला, पुसला आणि यंत्राकडे तोंड करून काहीतरी घट्ट करू लागली.

इडेलने तेव्हा लॉरेनला बाहेर नेलं.

"टेप त्रेसष्ट मिनिटांची. तुझ्या प्रबंधात तिचा उतारा एक्केचाळीस मिनिटांचा आहे. बाकीची बावीस?"

लॉरेन गडबडली. "ती आमची पद्धत आहे. मुलाखत संपली असं म्हणायचं, वही मिटायची, पण यंत्र चालू ठेवायचं. माणूस सैल होतो आणि मग खरं बोलणं येतं. नंतर त्याला सांगायचं आणि परवानगी घ्यायची. फिलिपिना म्हणाली, गाणी घे, पण शेवटचं लिहू नकोस. मी लिहिलं नाही."

"काय होतं ते?"

"मी वचन दिलंय, मिसेस क्वाम."

"मी विमा कंपनीकडून आलेली नाही. जेवढं सांगता येईल तेवढं सांग."

लॉरेनने बर्फाकडे बघितलं. "तिने पाजलेल्या शेजारच्या एका मुलीबद्दल होतं. बाळंतपणात आई गेली होती तिची. सहा वर्षांची असताना बापाने तिला नेलं. पुन्हा कधी कळलं नाही. एवढंच."

इडेलने तिचा हातमोजा थोपटला. "पुरे एवढं."

परतताना मर्ल म्हणाला, "मग, रोझिनाच ना?"

"मर्ल, तू चाळीस वर्षं टपाल वाटलंस. पत्र कुणाच्या दारात टाकायचं हे तुला कळतं, मग कुणाचं आहे हे का नाही कळत?"

*

गुरुवारी दुपारी प्रयोगशाळेत सगळे जमले. इडेल कोट न काढताच उभी राहिली.

"डॉक्टर कॉट्के, वेंडेल, तुमच्याशी दोन मिनिटं, मग तुम्ही जा. लॉरेनचं नुकसान करायचं असतं तर तुम्ही टेप पुसली असती. चुंबक इथे टेबलावर आहे, अर्ध्या मिनिटाचं काम. कुणी म्हणालं असतं, चुकून झालं. पण ज्याने घेतली त्याने पुसली नाही. त्याने मूळ टेप सांभाळून नेली आणि जागी दुसरी ठेवली. ज्याला आवाज नको होता त्याचं हे काम नाही. ज्याला तो हवा होता त्याचं आहे. शिवाय डॉक्टर, तुम्हाला यंत्र लावता येत नाही. आणि वेंडेल, तू गाढव आहेस, हे सिद्ध झालेलं आहे."

"फ्रेंचमध्ये," वेंडेल म्हणाला.

"उद्या दहा वाजता टेप मिळेल, डॉक्टर. आता बाहेर जा, दार लावून घ्या."

दोघं गेले. वेंडेलने जाताना लॉरेनच्या खांद्यावर हात ठेवला.

उरले लॉरेन, रोझिना, ओपल आणि मर्ल. मर्ल रोझिनाकडे बघत होता. इडेलने खुर्ची ओढली आणि ओपलसमोर बसली.

"कोऱ्या टेपला पट्टी लावणं म्हणजे रिकाम्या बरणीला लोणच्याची चिठ्ठी, असं तुम्हीच म्हणालात. पण त्या डब्यातल्या कोऱ्या टेपला लाल पट्टी होती, आणि शेवट बाहेर होता. दुसरं कुणी नुसती टेप ठेवून दिली असती. एकतीस वर्षं जी बोटं हेच काम करतायत, त्यांनी न विचारता पट्टी लावली. मन दुसरीकडे होतं, हात आपलं काम करत होते. मिसेस बेंडरला ही पट्टी माहीतही नाही."



"यंत्र बिघडलं होतं म्हणालात. पण चौदा नोव्हेंबरला दहावी आणि बारावी निघाली, त्याच यंत्रावर. प्रत काढताना तुम्हाला ती ऐकावी लागली. एक्केचाळीस मिनिटं गाणी, आणि मग पुढची बावीस. आणि तुम्हाला ती बोली कळली. जर्मन येत नाही म्हणता, तरी काल मिसेस बेंडर आपल्या बोलीत पाठ गारठली म्हणाली आणि खिडकीशी तुम्ही गेलात. लॉरेनने सांगण्याआधी."

मर्लचं तोंड उघडं राहिलं. त्याने ते बघितलं होतं. सभ्यपणा समजून त्याने दुसरा तुकडा घेतला होता.

"सातव्या वर्षी अनाथाश्रमातून आणलेली मुलगी," इडेल हलक्या आवाजात म्हणाली, "त्याआधी कुठेतरी असणारच. त्यांनी ओपल नाव ठेवलं. आधीचं काय होतं?"



"टिली," ओपल म्हणाली. "ओटिलिया. मला वाटायचं ते मी एखाद्या गोष्टीत वाचलंय."

तिने खिशातली कात्री काढून टेबलावर ठेवली, जणू ती आता तिची नव्हती.

"मी इथे एकतीस वर्षं टेप ऐकतेय. कानात आवाज असतात, आत काही जात नाही. त्या दिवशी ती म्हातारी घोड्याचं गाणं म्हणायला लागली आणि पुढची ओळ मला आधीच आली. मी यंत्र बंद केलं. मला वाटलं मेंदूत काहीतरी झालं. मग परत लावलं. शेवटी ती म्हणाली, एका गुडघ्यावर रोझिना, दुसऱ्या गुडघ्यावर टिली. म्हणाली, टिलीला नेलं तेव्हा तिच्या पायात बूट नव्हते आणि मी धावत गेले तोवर गाडी सुटली होती. साठ वर्षांनंतरही ती त्या बुटांबद्दल बोलत होती."

"गेली नाहीस तिच्याकडे?" इडेलने विचारलं. तिने अहोजाहो कधी सोडलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"जाणार होते. नोव्हेंबरात बर्फ पडला. मग म्हटलं नाताळानंतर. काय म्हणून जायचं, तिने नाही ओळखलं तर. जानेवारीत वर्तमानपत्रात वाचलं." तिने लॉरेनकडे बघितलं. "टेप तुला परीक्षेआधी द्यायलाच हवी होती. मंगळवारी तू रडत आलीस तेव्हाच द्यायला हवी होती. भीती वाटली. विद्यापीठाची वस्तू, जूनमध्ये निवृत्ती, लोक काय म्हणतील. मी तुझं आयुष्य पणाला लावलं."

"पण तुम्ही स्वतःसाठी प्रत काढू शकत होतात," लॉरेन म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि तो तिला धरून ठेवता येत नव्हता. "मूळ टेप जागेवर राहिली असती."

"आणि दरवर्षी नवे विद्यार्थी ती कानाला लावून बसले असते. सँडविच खात. तिने माझ्या बुटांबद्दल सांगितलेलं थांबवून, मागे घेऊन, परत ऐकलं असतं. पेन्सिलीने खुणा केल्या असत्या."

"ते शेवटचं कापून टाकायचं होतं," मर्ल म्हणाला. त्याला खरोखरच मदत करायची होती.

ओपलने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो कोटाचं बटण लावू लागला. "एकतीस वर्षांत मी तुटलेल्या हजार टेप सांधल्या. आवाज कापलेला नाही कधी."

ती कपाटामागे गेली आणि टोपीच्या गोल खोक्यातून टेप घेऊन आली. ती रुमालात गुंडाळलेली होती. लाल पट्टी बाहेर.

रोझिना इतका वेळ हललीही नव्हती. आता ती उठली, ओपलपाशी गेली, आणि तिचा चेहरा हनुवटीला धरून उजेडाकडे वळवला, बाजारात खरबूज बघतात तसा.

"माझी लाकडी गाय तू नेलीस," ती म्हणाली.

"तिला एक शिंग नव्हतं," ओपल म्हणाली.

रोझिना खाली बसली. इडेलने मर्लला कोपराने ढोसलं आणि दोघं जिन्याकडे निघाले. लॉरेन थोडा वेळ टेप हातात धरून उभी राहिली. मग तिने ती परत ओपलच्या हातात दिली.

"उद्या तुम्हीच लावा," ती म्हणाली. "एक्केचाळीसाव्या मिनिटाला थांबवा. पुढचं घरच्यांचं आहे, असं मी सांगेन. आणि कार्डावर लिहा, टेप चुकीच्या डब्यात सापडली."

"ते खोटं होईल."

"टोपीचा डबा टेपसाठी चुकीचाच आहे."

*

शुक्रवारी दहा वाजता परीक्षक मंडळाचे पाच जण लांब टेबलाशी बसले. लॉरेन एका टोकाला. इडेलला आत यायची परवानगी नव्हती, म्हणून ती आणि मर्ल दाराच्या फटीशी.

ओपलने टेप लावली. खरखर झाली आणि मग फिलिपिनाचा आवाज आला, जाड, मजेदार, मध्येच खोकणारा. एक गाणं, दुसरं, चौथं. डॉ. कॉट्के यांनी चष्मा काढून हातात घेतला होता. मग घोड्याचं गाणं आलं, मूल गुडघ्यावर उडवत म्हणायचं. छोटा घोडा नदीवर गेला, पाणी प्याला, खूर भिजले.

तिथे टेप तुटली. लॉरेनने नोव्हेंबरात घातलेला सांधा सुटला आणि रीळ रिकामं फडफडू लागलं.

मंडळातल्या एकाने घड्याळाकडे बघितलं. ओपलने यंत्र थांबवलं, दोन्ही टोकं बोटांत घेतली, कात्री काढली. मान खाली, डोळे टेपवर. आणि ते काम करता करता, कुणालाही उद्देशून न बोलता, तिने त्याच बोलीत, त्याच ठेक्यात शेवटची ओळ म्हटली. घोडा घरी आला.

तिने सांधा दाबला, यंत्र सुरू केलं. फिलिपिनानेही तेच म्हटलं, शब्दाला शब्द.

डॉ. कॉट्के यांनी हात वर करून टेप थांबवली. ते यंत्राजवळ गेले. चार पावलांवर थांबले.

"मिस ब्रँडव्होल्ड," ते म्हणाले, "सोळा वर्षं मी तुमच्या डोक्यावरच्या मजल्यावर बसून ही बोली मेली असं शिकवतोय. तुम्ही हे कुठे शिकलात?"

"लिंडेनतालला," ओपल म्हणाली. "आमच्या घरी."

म्हाताऱ्याने मान हलवली, जागेवर जाऊन आपल्या कागदावर काहीतरी खोडलं आणि लॉरेनकडे वळून ते म्हणाले, "पुढे चला, मिस फाइस्ट. मला अजून पस्तीस ऐकायचीत."

बाराला दार उघडलं. लॉरेनचा चेहरा बघून मर्लने टोपी काढली. ओपल सगळ्यात शेवटी आली, टेपचा डबा हातात घेऊन.

दाराबाहेरच्या खुर्च्यांच्या ओळीत शेवटच्या खुर्चीवर रोझिना बसली होती. तिच्या मांडीवर बशीएवढा एक पत्र्याचा डबा होता, कडा काळ्या पडलेल्या. तिने तो ओपलपुढे धरला.

"खा," ती म्हणाली. "कुत्र्यांनी पुष्कळ खाल्लं."